अर्धं पान

आमच्या नागपूरच्या पाचपावलीत आता पोरं-पोरी हातात मायक घेऊन समोरासमोर उभे राह्यतात अन् यमक जुळवून एकमेकाले बोलतात. मांगं स्पीकरवर धडधड वाजत राह्यते. परवा मैदानात हे चालू होतं, तं मी खुर्ची टाकून पाहून राहिली होती. एक पोरगी लय तेज होती. समोरच्या पोराले तिनं असं धुतलं का त्याले पळाले जागा उरली नाई. शेजारची बाई मले म्हने, "पाह्य वं आजी, काय काय नवीन निघते." साठ वर्षांआंधी मी हेच करत होती. आमी बसून करत होतो अन् स्पीकरच्या जागी ढोलकी होती, एवढाच फरक.

मासिकाच्या अंकवाल्यायनं निरोप धाडला, आजी, तुमच्या गान्याच्या धंद्याचं लिहा. मी तिसरी शिकलेली. एक पान लिहाले मले दोन दिवस लागतात. नात म्हने, मी शुद्ध करून देतो. मी म्हटलं, हात नको लावू, जसं बोलतो तसंच जाऊ दे.

एक गोष्ट पहिलेच सांगतो. माह्या समोर गानाऱ्या एका बाईच्या घरचं यात येते. तिले विचारूनच लिहिलं हाये. नाव बदललं, शेवंता ठेवलं. तिले सांगितलं तं म्हने, "शेवंता काहून? मोगरा ठेवतीस." अन् तिनं अट घातली, "माहं लिहिशील तं तुहं बी लिहजो. अर्धं नको लिहू." म्हनून दोघीचं लिहितो.

माहं लगन झालं तवा मी पंधराची. आमचे हे मिलमधी होते. मी घरी बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूपान, कैची, तंबाखू अन् दोऱ्याचं बंडल. पान कापाचं, तंबाखू भराचा, वळाचं, दोरा मारून तोंड मोडाचं. सहा महिन्यात हात आपोआप चालतात, पाहाव बी नाई लागत. मंग तोंड मोकळं राह्यते. गल्लीतल्या आमी सात-आठ बाया ओसरीत बसून गानेच म्हनत होतो. गाने सरले का मी जोडून म्हनत होती, हिच्या सासूवर, तिच्या बकरीवर.

बिड्या गोदामात नेल्या का एक मानूस तपासाले बसे. खराब म्हनून मूठ-मूठ बाजूले काढे, त्याले छाट म्हनत. त्याचे पैसे नाई भेटत. एक दिवस त्यानं माह्या चांगल्या बिड्या काढल्या. माह्या तोंडातून निघून गेलं:

पान मापाचं, दोरा कसाचा, तंबाखू भरला ठासून,
तुह्या डोळ्यातच कचरा भाऊ, ये ना जरा पुसून.

बाया अशा हासल्या का तो मानूस लाल झाला. त्या दिवशी त्यानं छाट कमी काढली. दुसऱ्या दिवशी डबल काढली.

गोदामासमोर पानठेल्यावर दौलत मास्तर उभे होते. त्याईची मुकाबल्याची पार्टी होती, स्वतः पेटी वाजवत. त्याईनं हे ऐकलं अन् संध्याकाळी घरीच आले. आमच्या यायले म्हने, "तुमच्या मंडळीले आमच्या पार्टीत गाऊ द्या गा. इज्जतीनं नेईन, इज्जतीनं आनून सोडीन."

हे म्हनाले, "न्या. घरात बी गप नाई बसत ते."

असी मी गानारी झाली.

आता मुकाबला काय असते ते सांगतो. दोन पार्ट्या, दोन तखत समोरासमोर. एका पार्टीत सात-आठ जन: पेटीवाला, ढोलकीवाला, बँजोवाला, मांगून ओळ उचलनारे, अन् पुढं गानारा नाई तं गानारी. पहिले वंदना होये, मंग जयंतीचे गाने, अन् मंग लोक ज्यासाठी आले ते. एकीनं अंतरा टाकाचा, दुसरीनं त्याच चालीत उत्तर द्याचं. घरून करून आनलेलं लोकायले लगेच समजे, ते शिट्ट्या मारत. उत्तर काढाले ढोलकीचा एक फेरा भेटे, आठ ठोके. दुसरा फेरा गेला तं लोक कुजबुजत. तिसरा गेला का हारली.

आठ ठोके म्हंजे किती? आमी एक बिडी वळतो ना, त्याच्यातही कमी.

अन् बसाच्या पहिले एक रिवाज होता. दोघी गानाऱ्यायनं तखताखाली भेटाचं अन् एकच विड्याचं पान घ्याचं. एकीनं अर्धं तोडून दुसरीच्या हातावर ठेवाचं, दोघीनं खाचं. त्याचा मतलब असा होता का आता वर जाऊन काहीबी बोल, आवाजावर बोल, रंगावर बोल, गावावर बोल, पन घरावर नाई जाचं. जिचं अर्धं पान खाल्लं तिच्या घराचं दार उघडाचं नाई. हे कोठी लिहिलं नव्हतं. पन मोठमोठे दारुडे गानारे बी हे पाळत. दौलत मास्तरनं मले पेटीच्या सुराआंधी हे शिकवलं होतं.

मानसं तऱ्हेतऱ्हेचे भेटत. एका वस्तीचा सेक्रेटरी पहिल्या खुर्चीवर बसून राहिला होता. मले चिठ्ठी धाडली, माहं नाव घ्या. घेतलं. दुसरी चिठ्ठी आली, बापासहित घ्या. घेतलं. तिसरी आली, वार्ड बी सांगा. मंग मी त्याचा पुरा पत्ता चालीत बसवला, घर, गल्ली, वार्ड, पोस्ट, अन् शेवटी म्हटलं:

पत्ता पुरा लिहिला बाई, शाई सरली सारी,
तिकीट नाई लावलं भाऊनं, पत्र जाईन कसं घरी?

लोक खुर्च्यावरून पडले. तो उठून गेला. पन पुढच्या साली त्यानंच बोलावलं. चिठ्ठी मातर नाई धाडली.

शेवंता कन्हानची, नदीकाठच्या गावची. माह्याहून दोन-तीन वर्षानं मोठी, काळी-सावळी, उंच, अन् आवाज असा का मायक बंद पडला तं शेवटच्या मानसाले समजत बी नसे. आमची पहिली गाठ पडली तवा तिनं पान तोडताना अर्ध्याहून मोठा तुकडा मले देला. म्हने, "खाऊन घे पोरी, वर गेल्यावर काही नाई भेटनार." अन् वर जाऊन सुरूच केलं:

नागपूरचं संत्र आलं, साल त्याची गोरी,
सोलून पाहा तं बियाच बिया, रस गेला चोरी.

मी मास्तरकडं पाह्यलं. मास्तर पेटीवरून म्हने, "गाव पकड, तिचं गाव पकड." सहाव्या ठोक्यावर मले भेटलं:

कन्हानची रेती तू वं, उन्हात चमकते भारी,
मुठीत धरली तं गळून जाते, मूठ रिकामी सारी.

तिनं तिथंच बसल्या बसल्या टाळी देली मले. समोरच्या पार्टीच्या बाईनं. असं कोनी करत नसे.

मंग लोकच आमाले दोघीले संगं बोलावू लागले. लोकायले वाटे का या एकमेकीचं तोंड पाह्यत नसतीन. अन् आमी एकाच ट्रकमधी येत होतो, तिच्या डब्यातली भाकर, माह्या डब्यातला झुनका. तिची पार्टी अन् माही पार्टी एकाच चटईवर जेवे. जयंतीच्या महिन्यात तं मी नवऱ्यापेक्षा शेवंताच्या संगं जास्त राहो.

खापरखेड्याले कामगारायच्या वसाहतीत कार्यक्रम होता. उन्हाचे दिवस. आमाले शाळेच्या खोलीत उतरवलं होतं. दुपारी मानसं झोपले, आमी दोघी भिंतीले टेकून बसलो. तिनं आपल्या मनानंच सांगितलं. तिचा नवरा भिलाईले कामावर हाये असं सारे म्हनत. तो भिलाईले नव्हता. कामठीत होता, दुसऱ्या बाईसंगं, त्याले त्या बाईपासून लेकरू होतं. शेवंताले लेकरू नव्हतं. म्हने, "सासूले मालूम हाये. पन बोलाचं नाई असं आमच्यात ठरलं. जोपर्यंत कोनी बोलत नाई तोपर्यंत मी त्या घरची सून. बोललं का मंग तिले मले ठेवाले कारन नाई."

मंग मी माहं सांगितलं.

माही पहिली पोरगी, बेबी. नऊ महिन्याची होती. तिले ताप होता अन् जुलाब लागले होते. त्या दिवशी सदरले मोठ्या हालमधी कार्यक्रम होता, पहिल्यांदा माह्या नावाचे कागद भिंतीवर चिकटवले होते. हे म्हनाले, नको जाऊ. मी पोरीले ननंदेजवळ देलं अन् गेली. सदर काही दूर नाई, रिक्षानं अर्धा घंटा. एक मुकाबला झाला, लोकायनं आनखी मागितलं. मी आनखी गायली. मंग आनखी. मी माह्या मनाले सांगत होती का लोकायनं उठू नाई देलं. तसं नव्हतं. मलेच उठाचं नव्हतं. घरी आली तवा ननंद दारात बसली होती, अन् पोरीवर कपडा टाकला होता.

वस्तीत आमी सांगितलं का पोरगी मायच्या मांडीवर गेली. आमच्या यायनं सांगितलं, ननंदेनं सांगितलं. दोघानं जन्मभर तेच सांगितलं. घराबाहेर खरं फक्त शेवंताले मालूम होतं.

तिनं ऐकून घेतलं. माह्या डोक्याले तेल लावून देलं अन् वेनी घातली.

यानंतर दोन वर्षानं ते झालं. कन्हानच्या अलीकडं एक वस्ती हाये, तिथं. कामगारायच्या पाळ्या सांभाळून कार्यक्रम दुपारी चारलेच ठेवला होता. तखताखाली आमी पान घेतलं. त्या दिवशी मी तोडलं, तिच्या हातावर ठेवलं. ती म्हने, "आज चुना जास्त लावला वं, जीभ भाजन." मी म्हटलं, "तुही भाजली तं बरंच हाये."

तिचं गाव जवळ होतं, लोक तिचे होते. अन् ती त्या दिवशी अशी गायली का मी काही बोलली तरी कमीच पडे. तिच्या दोन अंतऱ्यायले टाळ्या पडल्या का माह्या एकाले पडत. मास्तर खाली मान घालून पेटी वाजवत होते. मंग तिनं हे टाकलं:

बिडी वळता वळता बाई गानं वळाले आली,
एकच झुरका मारला लोकायनं, राखच खाली झाली.

लोक उभे राहिले. टोप्या उडवल्या. मले सांगाले लाज नाई, तो अंतरा चांगला होता. माह्यावर नसता तं मी बी टाळी देली असती. पन त्यात माहं काम होतं, माहे हात होते, अन् सारे हासून राहिले होते. ढोलकी सुरू झाली. एक ठोका, दोन, तीन. डोक्यात काहीच नाई. गाव नाई, रंग नाई. पहिला फेरा गेला. मास्तर हळूच म्हने, "जाऊ दे देवका, आज तिचा दिवस हाये. हात जोड."

मी हात नाई जोडले. दुसऱ्या फेऱ्यात एकच गोष्ट वर आली, अन् ते यमकासहित आली. ते गिळता आली असती. पानाची पिंक गिळतो आपन तसी.

धनी गेला भिलाईले म्हनते, टिकली लावते रोज,
कामठीत त्याचा हालते पाळना, काढ ना जाऊन खोज.

मांगच्यायनं ओळ उचललीच नाई. पहिल्यांदा असं झालं. मंग एका कोपऱ्यातून कोनतरी हासलं, अन् मंग सारे हासले.

ढोलकी सुरू झाली. मी शेवंताकडं पाह्यलं नाई, तिच्या हाताकडं पाह्यलं. ती मांडीवर बोटानं ठोके मोजत होती. चवथ्या ठोक्यावर बोट थांबलं. तिनं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं, तोंड उघडलं अन् बंद केलं. पहिला फेरा गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. तिनं पदर सारखा केला, लोकायले हात जोडले अन् तखतावरून उतरून गेली.

मी जिंकली. हार घातला माह्या गळ्यात.

मास्तरनं पेटीचा भाता बांधला. ट्रकमधी म्हनाले, "जिंकली तू. पान तोंडातच होतं ना तुह्या?" त्याच्यावर पुढं एक शब्द नाई बोलले, त्या दिवशी नाई अन् कधीच नाई.

सासूनं शेवंताले आठ दिवसात काढलं. भाऊ होता, त्यानं एक खोली देली. तिनं गानं सोडलं. लोक सांगत का ती नदीच्या घाटावर रेतीचे ट्रक भराले जाते. घमेलं डोक्यावर घेऊन. मी ते ऐकलं अन् माहाच अंतरा मले आठवला, उन्हात चमकनारी रेती. मी तो अंतरा नंतर कधी म्हटला नाई.

मले बोलावनं वाढलं. ते खरं हाये, लपवत नाई. लोक म्हनत, ते बाई कोनाले सोडत नाई. पन गानारे वेगळे वागाले लागले. तखताखाली मी पान घेऊन उभी राहो अन् समोरची म्हने, "नाई बाई, मले दातदुखी हाये." दुसरी म्हने, "मी पान सोडलं." साऱ्यायचे दात माह्यापुढंच दुखत. एक बुढा गानारा होता, त्यानं तं तोंडावरच सांगितलं, "देवकाबाई, तुमच्या हातचं पान खाऊन फायदा काय?" दहा वर्ष मी गायली, पन कोनाचं अर्धं पान मले भेटलं नाई. पुढं आर्केस्ट्रा आले, कॅशेट आल्या, मुकाबले कमी झाले. मास्तर गेले. मी पुन्हा बिड्या वळाले बसली.

शेवंताकडं जावं असं मले रोजच वाटे. रोज मी कारन शोधो. आज बिड्या द्याच्या हायेत, आज पोराले बरं नाई, आज ऊन हाये. पंधरा वर्ष गेले तसेच. मंग आमचे हे वारले. त्या सुतकात शेवंताच्या भावानं निरोप आनला, "बहीन म्हने, देवकाले सांगजो, तुह्या घरचं मले समजलं." एवढंच. मी महिना झाल्यावर सकाळची बस धरली.

ती दारात बसून तांदूळ निवडून राहिली होती. केस पांढरे झाले होते, मान मातर तसीच ताठ. मले पाह्यलं, सूप बाजूले नाई ठेवलं.

म्हने, "आलीस का वं. कन्हानले याले पंधरा वर्ष लागले? बस तं अर्ध्या घंट्यानं राह्यते."

मी खाली बसली. घरून शब्द जुळवून आनले होते, सारे गेले. मी म्हटलं, "माहं चुकलं."

"हो."

"तुहं घर गेलं माह्यापायी."

"हो." मंग खडा काढून बाजूले फेकला. "तो अंतरा म्हन."

"कोनता?"

"तुले नाई मालूम कोनता? म्हन. चालीत नको म्हनू, सीधा म्हन. माह्या तोंडाकडं पाहून."

मी म्हटला. ढोलकी नाई, टाळ्या नाई, दोन ओळी. रस्त्यानं बैलगाडी जाऊन राहिली होती. तखतावर जे बोलतो ते ढोलकी अर्धं उचलून नेते, हे मले त्या दिवशी समजलं. घरात ते सारं आपल्यालेच उचलाव लागते.

ती बोलली, "यमक चांगलं होतं. पाळना हालते, हे बी चांगलं होतं." जसं काही दुसऱ्या कोनाचं तपासून राहिली.

मी म्हटलं, "तुले उत्तर नाई सुचलं त्या दिवशी. मीच असं बोलली का तुले..."

"कोन म्हटलं नाई सुचलं?"

तिनं आनखी एक खडा काढला.

"चवथ्या ठोक्यावरच आलं होतं," ती म्हने. "तुह्याहून चांगलं होतं. सदरचा हाल होता त्यात, अन् भिंतीवरचे कागद. अन् तो कपडा." तिनं सूप झटकलं. "लोकायनं तुले तिथून चालत घरी नसतं जाऊ देलं."

"मंग काहून नाई म्हटलं?"

"पान तोंडात होतं ना वं."

मंग उठून आत गेली अन् चहा टाकला. साखर कमी होती, तं मले घातली अन् आपन बिनसाखरेचा घेतला. पानाचं दोघीनंही नाव नाई काढलं.

त्यानंतर मी वर्षातून दोन-तीनदा जातो. आता तिचे गुडघे गेले, मले कमी दिसते. दोघी बसतो. गान्याचं बोलतो, कोन कसा होता, कोनाची ढोलकी चांगली होती. मी तिले एकदा विचारलं, तो तुहा अंतरा सांग. तिनं नाई सांगितला. दुसऱ्यांदा विचारलं तं म्हने, "विसरली." ते खोटं हाये. तिले पन्नास वर्षांआंधीचा, मी गायलेला सेक्रेटरीचा पत्ता अजून तोंडपाठ हाये.

लोक म्हनतात माह्याएवढं झटपट कोनी बोलत नव्हतं. ते खरं असन. पन जिनं चवथ्या ठोक्यावर आलेलं तोंडातच ठेवलं अन् घर जाऊ देलं, ते माह्याहून मोठी गानारी होती, अन् तिचं गानं मी बंद पाडलं. जो मी जिंकली असं लोक म्हनतात तो एकच मुकाबला मी खरोखर हारली.

तिनं सांगितलं नाई तरी तो अंतरा मले माहीत हाये. सदर, कागद, कपडा, तिनं तीन शब्द देले, बाकी चाल मले पाठ होती. बिडी वळता वळता त्या ओळी आपल्या आपन जुळल्या. खरंच चांगल्या हायेत. नात मांगं लागली, आजी, त्या बी लिही, त्याच्याशिवाय लोकायले कसं समजन.

नाई लिहित. अर्धं पान मी बी खाल्लं होतं.